दारूखान्यातली बोट

बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात पिंपळ उगवला होता. मागे सुकाणूपाशी बसायची जागा असते, तिथल्या भेगेत मुळं घालून तो हातभर वाढलेला. बाबांनी तो उपटला, मुळांबरोबर आलेलं कुजकं लाकूड मुठीत दाबून बघितलं आणि खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे भिरकावलं. "टाक खयतरी," म्हणाले. त्या बोटीवरचं माझं पहिलं काम ते.

बाबा जन्मभर मालवाहू जहाजांवर होते. शेवटची बरीच वर्षं सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमचं गाव मालवणजवळ, पण आजोबा गिरणीत लागल्यापासून घर करी रोडला. आधी चाळ, मग चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधला फ्लॅट. वर्षातला बराचसा काळ बाबा घरी नसत आणि असत तेव्हा आम्ही भावंडं दबकून वावरायचो. आई वारली तेव्हा ते ब्राझीलच्या बाजूला कुठेतरी समुद्रात होते. आले ते दिवसकार्य उरकल्यावर. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातली आईची मांडणी बदलली, कारण ती त्यांना पहिल्यापासून पटत नव्हती.

बोट घेतली तेव्हा मी चाळिशीला आले होते. लग्न मोडून माहेरी परतले होते, आणि परळच्या ज्या ऑफिसात काम करायचे ते ऑफिस पुण्याला हलल्यामुळे घरी बसले होते. दादा माझ्याहून मोठा. तो आखातात तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, बायको-मुलीसह तिकडेच. हॉलमध्ये दादाचा फोटो होता. शेजारी माझ्या लग्नातला होता, तो बाबांनी काढून टाकला आणि खिळा तसाच ठेवला.

बोट शिडाची, फायबरची, तीसेक फूट लांब, इंग्लंडमध्ये बांधलेली. इथल्याच कुणा हौशी डॉक्टरची होती. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलांना तिच्यात रस उरला नाही आणि ती दारूखान्यात, बंदराकाठी जहाजं मोडतात त्या भागातल्या एका यार्डात लोखंडी टेकूंवर वर्षानुवर्षं पडून राहिली. यार्डवाल्याला जागा मोकळी करून हवी होती, म्हणून बाबांना ती जवळजवळ फुकटच मिळाली. ती दुरुस्त करायची, किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात खाली न्यायची आणि स्वतः सुकाणू धरून गावच्या बंदरात शिरायचं, असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. दादाला फोनवर सांगत होते ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मला एवढंच म्हणाले की घरात बसून भिंती बघतेस त्यापेक्षा चल, तिथे हात कमी पडतायत.

घराच्या इतक्या जवळ असूनही मी दारूखान्यात आधी कधी गेले नव्हते. एका बाजूला मोडायला आणलेली जहाजं, गॅस कटरच्या ठिणग्या, गंजक्या साखळ्यांचे नि नांगरांचे ढीग. दुसऱ्या बाजूला खाडीचा काळा चिखल, ओहोटीला लांबवर उघडा पडलेला. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमचं यार्ड. तिथे बाईमाणूस म्हणजे दुपारी जेवणाचे डबे घेऊन येणारी एक मावशी आणि मी.

फायबरची बोट फार वर्षं पाण्यात राहिली की तिच्या कातडीत पाणी मुरतं आणि पाण्याखालच्या भागावर फोड येतात. आमच्या बोटीचं पोट देवी आलेल्या माणसाच्या अंगासारखं झालं होतं. एकेक फोड ग्राइंडरने उघडायचा. आतून आंबट, व्हिनेगरसारखं पाणी गळायचं. मग खाली फायबरमधली पक्की काच लागेपर्यंत घासत जायचं. हे काम बाबांनी मला दिलं. यार्डातले लोक ते टाळायचे, कारण फायबरची भुकटी म्हणजे बारीक काचच, ती घामाबरोबर अंगात रुतते. मी दादाचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचे, तोंडाला ओढणी बांधायचे आणि बोटीखाली उताणी पडून हात वर करून घासायचे. तरी मानेवर, कोपराच्या आत, ब्रेसियरच्या पट्टीखाली ती जायचीच. रात्रभर खाजवून चामडी निघायची. बाबांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, आम्ही आम्लाच्या टाक्या धुतल्या, कुणी आईला जाऊन सांगितलं नाही.

शिकवण्याची त्यांची पद्धत एकच होती. करून दाखवायचं नाही, चुकू द्यायचं आणि मग सगळ्यांसमोर बोलायचं. मे महिन्याच्या उन्हात रेझिन, म्हणजे फायबर घट्ट करणारं चिकट रसायन, कालवलं की ते लगेच तापतं. मी पहिल्यांदा डबाभर कालवलं तेव्हा ते लावायच्या आत डब्यातच शिजलं, धूर निघायला लागला. मी घाबरून डबा चिखलात फेकला. बाबा शिडीवर बसून बघत होते. यार्डातले लोक हातातली कामं थांबवून उभे होते. बाबा त्यांच्याकडे बघत मला म्हणाले, "घोवाक सांभाळूक जमला नाय तुका, होडी सांभाळतलंस?"

लोक हसले. सारंगाने विनोद केला की हसावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त वेळ मिस्त्री हसला. हा मिस्त्री यार्डातला फायबरचा कारागीर, रेवदंड्याकडचा, माझ्याच वयाचा. हात चांगला होता त्याचा आणि जीभ वाईट. बाबांशी त्याचं जमायचं.

पण काही आठवड्यांनी मला ते काम यायला लागलं. थोडं थोडं कालवायचं, सकाळी उन्हं वर यायच्या आत लावायचं, काचेचं कापड भिजलं की ब्रशने टोचून टोचून आतली हवा काढायची. एका सपाट झालेल्या पट्ट्यावरून तळहात फिरवला आणि कुठेच काही लागलं नाही, तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. लग्नात नाही, ऑफिसात नाही, असं काही आपल्या हातून झालंय असं मला कधी वाटलं नव्हतं. हे मी बाबांना कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्यांनी ते काम काढून दुसऱ्याला दिलं असतं.

पावसाळ्यात बोटीवर ताडपत्री बांधली. दमट हवेत फायबर सुकत नाही, म्हणून आत मोठे दिवे लावून ठेवायचे आणि मी रोज जाऊन बघायचं. बाबांनी त्या काळात लाकडाचं काम घेतलं. बोटीचे कठडे, दारं, पायऱ्या सगळं सागवानी होतं. ते घासून त्यावर व्हार्निशचे हात चढवायचे. हे काम त्यांना कुणाला द्यायचं नव्हतं. जहाजावर त्यांनी ते तरुणपणी केलं होतं आणि ब्रश धरायची त्यांची ऐट बघण्यासारखी होती.

त्यांना दिसत नाही हे माझ्या तिथेच लक्षात आलं. ते निघून गेल्यावर मी कठड्यावरून उजेड तिरका पडू दिला, तर मधेच कोरडे पट्टे. एका जागी ब्रश तीनदा फिरलेला, व्हार्निश ओघळून गाठ झालेली आणि शेजारचं लाकूड उघडं. आधी वाटलं घाई झाली असेल. मग रोज तेच. मग आठवलं की हल्ली ते चहाचा कप ठेवताना आधी डाव्या हाताने टेबल चाचपतात, आणि रस्ता ओलांडताना माझ्या मागे अर्धं पाऊल थांबतात. ते मी इतके दिवस मला दिलेला मान समजत होते.

मी त्यांना डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. म्हणाले, "माका सगळा दिसता." पुन्हा म्हटलं, तर ताट सरकवून उठले.

मग मी एक करायला लागले. ते गेले की त्यांचं व्हार्निश पुसून, ओघळ घासून, तेवढा भाग नव्याने करायचा. दुसऱ्या दिवशी ते येऊन त्यावरून हात फिरवायचे, गुळगुळीत लागलं की मान हलवायचे आणि मिस्त्रीला ऐकू जाईल असं म्हणायचे की ह्याला म्हणतात हात. मी खाली काहीतरी घासत असायचे. मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. त्यांची शाबासकी मला मिळत होती, फक्त ती कुणाला मिळतेय हे त्यांना माहीत नव्हतं.

मिस्त्रीने ते बाबांना सांगितलं. का सांगितलं, ते मी पुष्कळ नंतर त्याला विचारलं. तोंडातली तंबाखू थुंकून तो म्हणाला, "ताई, कंटाळा आला होता."

त्या दिवशी मी यार्डात पोचले तेव्हा बाबा आधीच आलेले होते आणि बोटीवर गुडघ्यांवर बसले होते. हातात रंग खरवडायचा स्क्रेपर. कठड्याच्या एका टोकापासून ते खरवडत येत होते. व्हार्निशची पिवळी सालं त्यांच्या मांडीवर, खाली चिखलात, सगळीकडे पडत होती. जिथे दिसत नव्हतं तिथे डाव्या हाताने चाचपायचे आणि गुळगुळीत लागलं की तिथे पातं घालायचे. खडबडीत लागलं तर सोडून द्यायचे. म्हणजे माझं तेवढं ते बरोबर शोधून काढत होते.

मी शिडी चढून वर गेले आणि "बाबा, लाकूड जातंय," म्हटलं. पातं खोल जात होतं, सागवानाला चरे पडत होते. त्यांनी वर बघितलं नाही. खाली माणसं जमली. कुणी हसलं नाही या वेळी. मी त्यांचा हात धरायला गेले तेव्हा त्यांनी स्क्रेपरसकट हात मागे घेतला आणि तो माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी लागला. रक्त कठड्यावर पडलं. त्यांना ते दिसलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी तिथे बोट फिरवलं, ओलं लागल्यावर वास घेतला, आणि फडक्याने पुसून पुढे खरवडायला लागले.

जखमेला टाके पडले. परळच्या दवाखान्यात मी एकटीच गेले. घरी आल्यावर त्यांनी विचारलं ते एवढंच, की उद्या डावा हात चालेल ना.

डावा हात चालला. कठडे मी पुन्हा केले, त्यांच्यासमोर, दिवसाढवळ्या. ते खाली खुर्ची टाकून बसायचे आणि मी करते आहे हे सगळ्यांना दिसत असताना कुणाशीच त्याबद्दल बोलायचे नाहीत. त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला नाही. मला दिसत नाही हे तुला माहीत आहे, असंही कधी म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून डोळ्यांचा विषय आमच्या घरात बंद झाला.

दुसऱ्या हिवाळ्यात बोट होत आली. पोटाला नवी कातडी, तळाला तांबडा रंग, डोलकाठी खाली उतरवून तपासलेली, तिला उभी धरणाऱ्या पोलादी तारा नव्या. इंजिन खोलून जोडलेलं. शिडं जुनीच, पण शिवून घेतलेली. यार्डात येणारे लोक थांबून बघायचे. एकदा बाबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, मागे नाव घालायचं आहे. मी ब्रश घेऊन गेले. त्यांनी नाव सांगितलं ते दादाच्या मुलीचं. तिला त्यांनी दोनदा पाहिलं होतं, एकदा पाळण्यात आणि एकदा विमानतळावर.

मी पेन्सिलीने आखून घेतलं, मग निळ्या रंगाने भरलं. अक्षरं चांगली आली. बाबांनी रंग सुकायच्या आत त्यावर हात फिरवला, त्यामुळे शेवटचं अक्षर पसरलं. ते मी पुन्हा काढलं.

दादा बोट पाण्यात उतरवायला म्हणून रजा काढून आला. खाडीला एरवी इतकं पाणी नसतं, म्हणून पौर्णिमेच्या उधाणाची वाट बघितली. क्रेनने बोट उचलली तेव्हा पट्ट्यांमध्ये ती इतकी हलकी दिसली की मला रडू आलं, आणि मी ते भुकटी गेल्यासारखं डोळे चोळून लपवलं. दादाने मोबाइलवर सगळं चित्रित केलं. बाबांनी नारळ फोडला. खोबरं वाटताना त्यांनी मिस्त्रीला दिलं, क्रेनवाल्याला दिलं, दादाला दोनदा दिलं.

पहिल्यांदा शीड उभारून बाहेर जायचं ठरलं ती सकाळ स्वच्छ होती. बोटीवर बाबा, दादा, मिस्त्री आणि मी. मी माझ्यासाठी टोपी घेतली होती. इंजिनावर यार्डातून बाहेर पडलो, मोकळं पाणी लागलं, आणि बाबांनी मला सांगितलं की आत जाऊन तळ बघत बस. इंजिनाचा दांडा बोटीच्या बाहेर जातो तिथून, किंवा जिथे जिथे भोकं पाडून नळ बसवलेत तिथून, पाणी येतंय का ते पाहायचं आणि आलं तर सांगायचं. कुणीतरी ते बघायला हवंच होतं. नव्या कामाची पहिल्या दिवशी खात्री नसते. मी म्हटलं, मिस्त्री थोडा वेळ बघेल, मग मी. बाबा म्हणाले, "तोंड चालव नको. खाली जा."

मी गेले. बॅटरी घेऊन पायऱ्यांखाली गुडघ्यांवर बसले. इंजिन बंद झालं, वर शिडाचा फडफडाट झाला आणि मग एकदम शांतता. बोट एका अंगावर कलली आणि पळायला लागली. माझ्या कानाजवळून, फायबरच्या त्याच भिंतीपलीकडून, जी मी बाहेरून तळहाताने इतके महिने चाचपली होती, पाणी घासत जात होतं. मला वरच्या चौकटीतून दादाचे बूट आणि आकाशाचा एक तुकडा दिसत होता. तळाला एक थेंब पाणी आलं नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. मग दादाचा आवाज आला, आधी साधा, "बाबा, समोर बघा." मग मोठा. मग बूट चौकटीतून नाहीसे झाले, बोट जोराने उलट्या अंगाला पडली आणि मी इंजिनाच्या लाकडी खोक्यावर आपटले. वर आले तेव्हा नांगरून ठेवलेल्या एका मालवाहू बार्जची गंजकी भिंत हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून मागे जात होती. बार्जवरचा माणूस शिव्या देत होता. सुकाणूचा दांडा दादाच्या हातात होता. बाबा शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर उपडे.

मिस्त्रीने शीड उतरवलं, इंजिन चालू केलं. दादा अजून धापा टाकत होता. तो म्हणाला, "एवढं मोठं बार्ज. तुम्हाला दिसतच नाहीये, बाबा. कधीपासून?"

दादाने माझ्याकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

बाबांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली, थोडी चुकीच्या बाजूला. दादा मग सुटलाच. तुम्ही आम्हाला सगळ्यांना मारलं असतं, म्हणाला. या वयात लोक बागेत जाऊन बसतात. मिस्त्रीला म्हणाला, यांना बोटीला पुन्हा हात लावू द्यायचा नाही, वर चढूच द्यायचं नाही. मिस्त्रीने मान डोलावली आणि सबंध वाटेत बाबांकडे अशा नजरेने बघत राहिला, जशी इतके दिवस तो माझ्याकडे बघायचा. जन्मभर खलाशांना गुरासारखं हाकणारा माणूस, त्याला दादाने जेट्टीवर दोन्ही काखांत हात घालून उतरवला.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही फार टिकणार नाही. आधी आला असतात तर, असंही म्हणाले. दादा परत गेला. बोट यार्डाच्या बाहेर पाण्यात नांगरून ठेवलेली असायची. मी दोन-चार दिवसांनी जाऊन आतलं बघून यायचे, नांगराचा दोर, तळ. मनात असं होतं की आपण शिकावं. मिस्त्रीला थोडंफार शीड चालवता येत होतं. त्याला विचारलं, तर तो हो म्हणाला. हे बाबांना सांगावं की नाही याचा विचार करत होते.

मग चिकुनगुनिया होऊन मी अंथरुणाला खिळले. बरी होऊन यार्डात गेले तेव्हा बोट पाण्यात नव्हती. ती वर आणलेली होती, किंवा तिचा मागचा अर्धा भाग होता. मधोमध करवतीने सरळ कापलेला, चिखलात कलंडलेला. कापल्या जागी काचेचे थर दिसत होते, जुने पिवळे आणि त्यांच्यावर माझे पांढरे, घट्ट बसलेले. पाठीवर दादाच्या मुलीचं नाव. पुढचा भाग ट्रकवर चढवून नेला होता.

मिस्त्रीनेच सांगितलं. परळच्या एका गिरणीच्या आवारात नवं रेस्टॉरंट होतंय, त्यांची सजावट करणारी बाई खरी बोट शोधत होती, भिंतीतून नाक बाहेर काढलेली. तिला पुढचाच अर्धा हवा होता. तिने आधी मोडीतली बोट बघितली, पण तुमची फार सुंदर होती, ताई. सारंगाने फोनवर सौदा केला. कापायला मीच होतो, ब्लेड दोन मोडली, असं म्हणाला, आणि मला वाटतं हे तो माझ्या कामाचं कौतुक म्हणून सांगत होता.

घरी बाबा टीव्हीसमोर बसले होते. मी आवाज बंद केला आणि विचारलं की मला का सांगितलं नाहीत.

"तुका कशाक सांगू? होडी माझी," ते म्हणाले. "तू काम केलंस, जेवलंस, ऱ्हवलंस. फिटला."

मी म्हटलं, निदान अख्खी विकायची होती. कुणीतरी चालवली असती. गिऱ्हाईक मी आणलं असतं. कापायला का दिलीत?

त्यांनी तोंड टीव्हीकडे वळवलं. मग म्हणाले, "भावान इचारल्यान तेव्हा होय म्हटलंस. भायल्या माणसासमोर." आणि थोड्या वेळाने, "आंधळ्याक पुरी काय नि अर्धी काय."

तो शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला. मला त्या क्षणी त्यांची दया यायला हवी होती असं मला पुढे अनेकदा वाटलं. आली नाही. मी टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू केला आणि आत जाऊन भात लावला.

पुढच्या वर्षी दादा बायको-मुलीला घेऊन आला. जेवायला बाहेर जाऊया म्हणून त्याने इंटरनेटवर शोधून जी जागा काढली ती नेमकी तीच. त्याला काही माहीत नव्हतं. बोट विकली एवढंच बाबांनी त्याला कळवलं होतं. मला पत्ता ऐकूनच कळलं होतं. मी काही बोलले नाही.

आजोबा ज्या गिरणीत होते ती हीच की शेजारची, याबद्दल दादा गाडीत बोलत राहिला. आत गेलो. विटांच्या भिंतीतून बोट बाहेर आलेली, पोटाचा तांबडा रंग घालवून तिला पांढरं केलेलं, आत बाटल्या मांडलेल्या. माझ्या कठड्याचा दारू प्यायला बसायचा काउंटर झाला होता. टेबल मिळेपर्यंत तिथल्या उंच स्टुलांवर बसायला सांगितलं. बाबांना तोवर उजेड-अंधार तेवढा कळायचा. दादाने त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांचे हात आधारासाठी कठड्यावर ठेवले. मी शेजारी उभी होते. त्यांचा डावा हात लाकडावरून पुढे गेला, मागे आला. जिथे चरे भरून काढले होते तिथून गेला. लाकडावरून खाली उतरून बोटीच्या अंगावर आला.

"काय आसा ह्या?" त्यांनी विचारलं.

नात म्हणाली, "बोट आहे आजोबा. खोटी."

बाबांनी बोटाच्या पेराने दोनदा ठोकून बघितलं. "प्लॅस्टिक," म्हणाले, आणि हात रुमालाला पुसले.

ओळखलं नाही की ओळखून म्हणाले, मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत होते. जेवताना त्यांनी मासळी शिळी असल्याची तक्रार केली आणि ती खरंच शिळी होती.

मी आता त्याच यार्डात काम करते. फायबरच्या कामाला माणसं मिळत नाहीत आणि मिस्त्रीनेच यार्डवाल्याला माझं नाव सुचवलं. लोकांच्या बोटी असतात, स्पीडबोटी, मासेमारीच्या, क्वचित एखादी शिडाची. हाताखाली दोन माणसं आहेत. चुकले की मी त्यांना सगळ्यांसमोर बोलते. परवा एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बघून मिस्त्री हसला आणि मीही हसले.

बाबांना आता काहीच दिसत नाही. दिवसभर घरात असतात. सकाळी बाई येऊन त्यांचं करून जाते, संध्याकाळी मी. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, पण गेल्या वर्षापासून एक मागतात. यार्डात घेऊन चल म्हणतात. बसेन खुर्चीवर कोपऱ्यात, वास तरी येईल. मालवणी सोडून माझ्याशी अलीकडे साध्या मराठीत बोलतात, जसं परक्या बाईशी बोलावं तसं. मिस्त्रीही म्हणाला, आणा ताई, सारंग आहे, गाडीतून आणायचं नि गाडीतून न्यायचं, काय त्यात.

मी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर ते विचारायचं थांबवतील. मी म्हणते, आज चिखल फार आहे. म्हणते, उद्या क्रेन येणार आहे, गर्दी असेल. म्हणते, या आठवड्यात बघू. मग ते मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या वेळेला दाढी करून, शर्टाची वरपर्यंत बटणं लावून दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असतात.